ओ'लीरींचं वय

मे महिना. सदरमधला धर्मादाय दवाखाना.
कूलरला खसाच्या नव्या ताट्या लावलेल्या,
पण पाणी टाकणारे हेडाऊ सकाळपासून आलेच नाहीत,
म्हणून वारा कोरडा, आणि वास तेवढा थंड.
खिडकी क्रमांक दोनवर चेतना निमजे.
तिच्यामागे, फायलींच्या कपाटाला टेकून,
मी आणि माझा प्रोग्राम.

मी तेव्हा वाक्यं चिकटवायचे.
'शोध तो रुग्ण ज्याचं नाव', मग एक अवतरणचिन्ह,
मग खिडकीतून येईल ते नाव, डिंक लावून,
मग दुसरं अवतरणचिन्ह. झालं.
गजभिये, उईके, शेख, पौनीकर,
दोन वर्षं सगळे मुकाट चिकटत गेले.

मग मोहननगरातून ओ'लीरी आले,
रेल्वेचे रिटायर गार्ड, बगलेत एक्सरेचा लिफाफा.
त्यांच्या नावात एक स्वल्पविराम,
खाली बसायचा सोडून वर खुंटीला अडकवलेला.
माझ्या वाक्याला वाटलं, नाव संपलं.
मागे उरलेल्या लीरींचं काय करावं
ते त्याला कळेना.
पडदा लाल.

"काका, हे वरचं काढून टाकू काय?
मशीन घेऊनच नाही राह्यली."

ते जरा थांबले. चष्मा पुसला.
"बाई, माझ्या आज्यानं बोटीतून एवढंच आणलं.
ट्रंकेतलं बाकी सगळं
अजनीच्या क्वार्टरात वाळवीनं खाल्लं."

चेतनानं माझ्याकडे पाहिलं.
मी कपाटाकडे.

त्या दिवशी कागदावर हातानं लिहून त्यांना आत पाठवलं.
पण मला घाम फुटला तो उन्हाचा नव्हता.
हे तर बिचारे नावच सांगत होते.
उद्या कुणी खिडकीशी उभं राहून
नावाच्या जागी हुकूमच सांगितला,
'अमुक, आणि पुसून टाक सगळ्या नोंदी',
तर माझं वाक्य तोही पाळेल.
डिंकाला काय, तो कशालाही चिकटतो.

रात्री अकराला, गच्चीवर, लॅपटॉप मांडीवर तापलेला,
मला सावनेरच्या शाळेतला पेपर आठवला.
प्रश्न दुसरा, गाळलेल्या जागा भरा.
मी कोळशाच्या जागी एकदा कोथिंबीर लिहिली होती.
बाईंनी भोपळा दिला,
पण छापलेलं वाक्य जागचं हललं नव्हतं.
रेघेवर काहीही लिहा,
ते रेघेवरच राहतं, वाक्यात शिरत नाही.

मग मी एकेक डिंक खरवडला.
जिथं नाव होतं तिथं नुसतं प्रश्नचिन्ह.
वय? प्रश्नचिन्ह. खाट? प्रश्नचिन्ह.
वाक्य आधी जाईल, रिकाम्या हातानं,
माणसं मागून येतील, वेगळ्या दारानं,
आणि कुणाच्याही नावाला
कुणी हुकूम समजणार नाही.
पहाटे अडीचला मी स्वतःवर खूश होते.
तेव्हाच काहीतरी चुकतं.

सोमवारी ओ'लीरी भरती व्हायला आले.
चेतनानं नाव टाइप केलं, खुंटीसकट.
पडद्यावर उमटलं, अख्खं.
त्यांनी मान वाकडी करून वाचलं,
मग खालची ओळ वाचली,
आणि असे हसले की रांगेतलं लहान पोर दचकलं.

वय तेवीस. खाट एकाहत्तर.

प्रश्नचिन्हं सगळी सारखीच दिसतात.
ती विचारत नाहीत, कोण आधी, कोण नंतर.
मी खाट आधी धाडली होती, वय मागून.
आणि आमच्याकडे छपन्नाव्या खाटेनंतर गच्ची लागते.

"राहू द्या ना बाई," ते म्हणाले,
"तेविसाव्या वर्षी मी इटारसीच्या गाडीवर होतो.
गुडघे चांगले होते."

नाही राहू दिलं.
औषधाचा डोस वयावरून ठरतो.
मी प्रत्येक रिकाम्या जागेला आता नाव दिलं,
वयाची जागा वयाची, खाटेची खाटेची,
कुणी कुठल्याही क्रमानं या.
मग एंटर दाबलं,
आणि डोळ्यांदेखत त्यांना
अठ्ठेचाळीस वर्षांनी म्हातारं केलं.

ते लिफाफा सावरत तेवीस नंबरकडे गेले.
चेतना म्हणाली, "पुढचे."